घरी फ्रेंडशिप बँड विणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलाच बँड हातात घेतलेले आणि नक्षीत मध्येच अडकलेले, दोघांकडूनही पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या जागी आधीच्या किंवा पुढच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ वाचूनच विणायला बसा. पुढच्या निम्म्या शंकांचं मूळ तिथेच आहे.

१. सुरुवात करायला काय काय लागतं?

भरतकामाचा सुती दोरा, कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची जाड सुई आणि बँडचं वरचं टोक पक्कं धरून ठेवणारं काहीतरी. शेवटची गोष्ट लोक किरकोळ समजतात, पण वरचं टोक हललं की हाताचा ताण बदलतो आणि गाठी लहानमोठ्या होतात. कोणी सेफ्टी पिनने उशीला टाचतं, कोणी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवतं. मला क्लिपबोर्ड सर्वांत बरा वाटतो. पकड सैल होत नाही आणि काम अर्धवट ठेवून उठायचं झालं तरी धागे होते तसेच राहतात. सुई शिवायला नाही, उसवायला लागते (प्रश्न १० पाहा).

२. दोरा कोणता घ्यावा? घरातली लोकर किंवा शिवणाचा दोरा चालेल का?

सहा पदरी सुती भरतदोरा घ्या, तो लडीच्या रूपात मिळतो. भरतकामासाठी त्याचे पदर सुटे करतात, इथे मात्र सहाच्या सहा पदर एकत्रच वापरायचे. या पानावर ‘एक धागा’ म्हणजे हे सहा पदर मिळून झालेला धागा. हा दोरा मर्सराइज्ड असतो, म्हणजे सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून ताणून काढलेलं असतं. त्यामुळे तंतू फुगून गोल होतात, चमक येते, ताकद वाढते आणि रंग चांगला धरतो. गाठ मारताना हा दोरा सहज सरकतो आणि आवळली की जागच्या जागी बसतो.

लोकर ताणली जाते, तिच्या गाठी एकसारख्या येत नाहीत आणि कडांवर गोळे येतात. शिवणाचा दोरा फार बारीक. रेयॉनचा दोरा दिसायला देखणा, पण निसरडा असल्यामुळे गाठ ढिली पडते. जरीचा दोरा वारंवार घासला की उसवतो, तो हवाच असेल तर सुती धाग्याच्या जोडीने एखादाच घ्या. पर्ल कॉटन (पीळ दिलेला, चमकदार सुती भरतदोरा) उत्तम चालतं. त्याचे पदर सुटत नाहीत आणि गाठी ठसठशीत दिसतात. त्यात आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणून ८ पेक्षा ५ क्रमांकाचा घ्या.

३. धागे किती लांब आणि किती कापायचे?

मोठ्या माणसाच्या मनगटासाठी, ६ ते ८ धाग्यांच्या तिरक्या पट्ट्यांच्या बँडला प्रत्येक धागा ८० ते ९० सें.मी. पुरतो. १२ धाग्यांचा किंवा दाट नक्षीचा बँड असेल तर १०० ते १२० सें.मी. धरा. वर फास ठेवायचा असेल तर दुप्पट लांबीचे निम्मेच धागे कापून मधोमध दुमडा. नेहमीची लडी ८ मीटरची असते, तिच्यातून ८५ सें.मी.चे ९ धागे निघतात.

आता नियम वाकवायची वेळ. नक्षीत सगळे धागे सारखे खर्च होत नाहीत. गाठ मारणारा धागा भराभर संपतो, ज्याच्यावर गाठ बसते तो जेमतेम बँडच्या लांबीइतकाच लागतो. म्हणून नक्षीत जो रंग सर्वांत जास्त दिसतो, त्याचे धागे इतरांपेक्षा ३० ते ४० सें.मी. लांब कापा. कमी पडलाच, तर प्रश्न ११.

४. प्रत्येक गाठ दोनदा का मारायची? आणि ओढायचा कोणता धागा?

ही गाठ खरं तर दोन अर्ध्या गाठींची जोडी आहे. डावा धागा उजव्यावरून आडवा न्या, म्हणजे इंग्रजी चारच्या आकड्यासारखा आकार दिसेल. त्याचं टोक उजव्या धाग्याखालून घेऊन मधल्या फटीतून बाहेर काढा आणि वर सरकवून आवळा. ही अर्धी गाठ झाली. एकटी ठेवली तर ती फिरते, सरकते, सुटते. तीच कृती त्याच धाग्याने पुन्हा केली की दोन्ही अर्ध्या गाठी एकमेकींना अडवून धरतात. एकदाच मारून पुढे गेलात तर त्या ठिकाणी बँड पातळ आणि वाकडा दिसेल.

आता ताण. दोन धाग्यांपैकी एक ताठ राहतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. जो फिरतो त्याचा रंग दिसतो, जो ताठ राहतो तो आत लपतो. बँडमधली प्रत्येक नक्षी या एका गोष्टीवर उभी आहे. एका हाताने ताठ धागा खाली खेचून धरा, दुसऱ्या हाताने फिरणारा धागा वर सरकवा. ताठ धागा ढिला सोडून फिरणारा जोरात खेचलात तर भूमिका उलटतात. फिरणारा सरळ होतो, ताठ धागाच त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि नको तो रंग वर येतो. नक्षीत अचानक भलत्या रंगाचा ठिपका दिसला, की नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं.

किती आवळायचं? गाठ वरच्या ओळीला टेकेल इतकं. त्याहून जास्त जोर लावला तर बँड कडक होतो आणि कडा आत ओढल्या जातात.

५. गाठींचे प्रकार किती?

चारच. डावा धागा उजव्यावर दोनदा फिरवला की ‘उजवी’ गाठ. डाव्याचा रंग दिसतो आणि तो उजवीकडे जातो. याचं आरशातलं रूप म्हणजे ‘डावी’ गाठ: उजवा धागा फिरतो, त्याचा रंग दिसतो, तो डावीकडे जातो.

उरलेल्या दोन गाठींत धागे शेवटी आपापल्या जागी परततात. ‘उजवी-डावी’ गाठीत डाव्या धाग्याने आधी उजवीकडची अर्धी गाठ मारायची आणि मग त्याच धाग्याने परत फिरून डावीकडची अर्धी. ‘डावी-उजवी’ त्याच्या उलट. रंग दाखवायचा पण जागा बदलायची नाही, अशा वळणांवर या गाठी लागतात. चौकटीच्या आणि हिऱ्याच्या नक्षीत त्या हमखास येतात.

६. पहिला बँड कोणत्या नक्षीचा करू?

तिरक्या पट्ट्यांचा, ६ धाग्यांचा, शक्यतो सहा वेगवेगळ्या रंगांचा. वेगळे रंग म्हणजे चूक लगेच दिसते. सर्वांत डावीकडचा धागा घ्या आणि त्याने उरलेल्या पाचांवर एकेक उजवी गाठ मारत उजव्या कडेपर्यंत जा. एक ओळ झाली. आता डावीकडे नवा रंग आला असेल, त्याने पुढची ओळ. सहा ओळींनंतर रंग पहिल्या क्रमावर परत येतात. तसे आले नाहीत, तर कुठेतरी एखादा धागा सुटला आहे.

सुरुवातीची कड तिरकी दिसते म्हणून अनेक जण घाबरतात. ती तशीच येते, कारण पहिलीच ओळ उतरती असते. बँड बांधल्यावर ते जाणवत नाही.

दुसरा बँड बाणाच्या नक्षीचा करा. १२ धागे लावा, सहा रंग डावीकडे आणि तेच सहा उलट क्रमाने उजवीकडे. डाव्या टोकाचा धागा पाच उजव्या गाठी मारत मध्यापर्यंत येतो, उजव्या टोकाचा पाच डाव्या गाठी मारत मध्यापर्यंत येतो आणि मग त्या दोघांची आपसात एक गाठ. इथे दोन्ही हातांना गाठी सरावाच्या होतात, म्हणून तक्त्याच्या नक्षींकडे वळण्याआधी हा बँड करून घ्याच.

७. नक्षीचा तक्ता वाचायचा कसा?

वरच्या रेषा म्हणजे धागे, गोल म्हणजे गाठी. गोलाचा रंग म्हणजे दिसणारा रंग. गोलातला सरळ बाण गाठीची दिशा सांगतो, वळलेला बाण म्हणजे प्रश्न ५ मधल्या परतणाऱ्या गाठी.

तक्त्यात शेजारशेजारच्या जोड्या बांधत जातात. ८ धागे असतील तर पहिल्या ओळीत चार जोड्या, म्हणून ४ गाठी. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांचे एकेक धागे सोडून मधल्या सहांच्या ३ गाठी. मग पुन्हा ४, पुन्हा ३. सोडलेले कडेचे धागे पुढच्या ओळीत परत येतात तेव्हा कडेला बारीकसा फास दिसतो. तो येणारच, फक्त दोन्ही बाजूंचे फास सारखे राहतील इतपत ओढा. कडेचा धागा फार खेचलात की प्रश्न ८ उभा राहतो.

बांधायच्या आधी एक पडताळणी करा. तक्त्याच्या तळाशी रंगांचा क्रम वरच्यासारखाच आहे का? असेल तर नक्षी कितीही वेळा पुढे नेता येते.

८. बँड पिळतो आणि कडा आत वळतात. काय चुकतं?

तिरक्या पट्ट्यांत सगळ्या गाठी एकाच दिशेच्या असतात, म्हणून तो बँड थोडा पिळणारच. बाणाच्या नक्षीत दोन्ही दिशांच्या गाठी एकमेकींना तोलतात, म्हणून तो सपाट राहतो. तोही वळत असेल तर कडेची गाठ मधल्या गाठींपेक्षा जास्त आवळली जाते आहे.

झालेला बँड सरळ करता येतो. तो ओला करून पिळून घ्या, टॉवेलवर सपाट पसरा, दोन्ही टोकांना पिना लावा आणि वर सुती कापड ठेवून इस्त्री दाबा. घासू नका, दाबा. हे सुती धाग्यासाठीच आहे. नायलॉन, पॉलिस्टर किंवा जरीचा धागा असेल तर इस्त्री न करता पिना लावून तसाच वाळू द्या.

९. एक ओळ जाड, एक बारीक दिसते. हात बसला नाही म्हणून का?

बहुतेक वेळा हो, आणि दोन-तीन बँडांत तो बसतो. पण पिळाकडेही बघा. सहा पदर विणता विणता उलगडतात, धागा चपटा होतो आणि त्या ओळीच्या गाठी पसरट दिसतात. अधूनमधून धागा बोटांत फिरवून पीळ परत द्या. शिवाय एक बँड शक्यतो एकाच बैठकीत, निदान एकाच दिवसात पुरा करा. दुसऱ्या दिवशी हाताचा ताण वेगळा असतो आणि तो जोड नजरेला दिसतो.

१०. चार ओळींआधी चूक झाली आहे, हे आत्ता लक्षात आलं. सगळं उसवू का?

उसवा. नक्षीतली एक चूक पुढच्या सगळ्या रंगांची जागा हलवते, त्यामुळे नंतर झाकता येत नाही. अपवाद एकच: धागे योग्य जागी पोचले आहेत आणि फक्त एका गाठीचा रंग उलटला आहे, तर पुढे जायला हरकत नाही.

उसवताना शेवटच्या गाठीपासून उलट क्रमाने जा आणि प्रत्येक गाठीतली दुसरी अर्धी आधी सोडवा. ताठ धागा सरळ धरून बोथट सुई फिरणाऱ्या धाग्याच्या वळशाखाली घाला आणि वळसा सैल करा. अणकुचीदार सुई पदरांमध्ये घुसते आणि धागा चिरतो. एकच जागा तीनदा उसवावी लागली तर तिथला धागा विसविशीत होतो, तेव्हा तो बदललेला बरा.

११. धागा मध्येच संपला किंवा तुटला तर?

संपायला आलेला धागा पार टोकापर्यंत वापरू नका, ८ ते १० सें.मी. उरला की थांबा. ज्या गाठीत तो ताठ धागा असेल अशी जागा गाठा. तिथे त्याच रंगाचा नवा धागा त्याच्या शेजारी ठेवा, नव्याचं ८ ते १० सें.मी.चं टोक मागे सोडा आणि दोघांना एकच ताठ धागा समजून गाठ मारा. पुढे फक्त नवा घ्या, जुना मागे वळवा. जोड गाठीच्या आत लपतो. शेवटी ही टोकं सुईने मागच्या गाठींतून ओवून मग कापा. बँडच्या तोंडाशी निरगाठ मारून धागा जोडू नका. तो गोळा प्रत्येक वेळी समोरच येऊन बसतो.

१२. बाणाचं टोक हळूहळू एका बाजूला सरकतंय.

दोन कारणं. एक, मधली गाठ कधी उजवी, कधी डावी मारली जाते. कोणतीही एक ठरवा आणि शेवटपर्यंत तीच मारा. दुसरं, दोन हातांचा ताण वेगळा आहे. बहुतेकांच्या डाव्या गाठी उजव्यांपेक्षा सैल येतात. एका बाजूच्या तीन-चार ओळी एकदम करून ठेवायची सवय असेल तर सोडा. डावी, उजवी, मधली अशीच प्रत्येक ओळ पूर्ण करा.

१३. बँडवर नाव विणायचं आहे. देवनागरीत जमेल का?

जमेल, आणि फार सुंदर दिसतं. पण पद्धत वेगळी आहे. इथे अक्षराच्या रंगाचे धागे उभे लोंबत ठेवतात आणि पार्श्वभूमीच्या रंगाचा एकच लांब धागा त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे असा येत-जात राहतो. जिथे पार्श्वभूमी हवी तिथे लांब धाग्याने उभ्यावर गाठ मारायची. जिथे अक्षर हवं तिथे उभ्या धाग्याने लांब धाग्यावर. प्रश्न ४ मधलाच नियम: फिरेल त्याचा रंग. लांब धागा ३ मीटर किंवा त्याहून जास्त लागतो. तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. उभे धागे ६० ते ७० सें.मी. पुरतात.

देवनागरीसाठी चौकटीच्या कागदावर आधी अक्षरं काढा. अक्षराच्या अंगासाठी ५ ते ६ धागे, शिरोरेखेसाठी १, वर मात्रा-वेलांटीसाठी २, खाली उकारासाठी २ आणि दोन्ही कडांना एकेक. काना, मात्रा, उकार नसलेलं नाव घेतलंत तर वरचे-खालचे धागे वाचतात आणि बँड अरुंद राहतो. जोडाक्षरं पहिल्या प्रयत्नात टाळा.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. शिरोरेखेचा धागा जवळजवळ प्रत्येक ओळीत गाठ मारतो, म्हणून तो इतर उभ्या धाग्यांपेक्षा बराच जास्त खर्च होतो. तो एकटा मीटरभर कापा. आणि विणताना अक्षरं आडवी पडलेली असतात, त्यांची डोकी उजवीकडे ठेवा. डावीकडे ठेवलीत तर पूर्ण नाव आरशात पाहिल्यासारखं उलटं येईल.

१४. मी डावखुरा आहे. सगळं उलटं करावं लागेल का?

गरज नाही. दोन्ही दिशांच्या गाठी सगळ्यांनाच शिकाव्या लागतात. तिरक्या पट्ट्या उजव्या टोकापासून डाव्या गाठींनी केल्या तर हाताला सोपं जाईल, पट्ट्या फक्त दुसऱ्या बाजूला उतरतील. तक्ता मात्र आहे तसाच वाचा. तो उलटवला की भौमितिक नक्षी निभावते, अक्षरं निभावत नाहीत.

१५. सहा-सात वर्षांच्या मुलांना जमेल असं काही आहे का?

गाठींसाठी बोटांत ताकद आणि चिकाटी लागते. ती साधारण आठ-नऊ वर्षांपुढे येते. त्याआधी पुठ्ठ्याच्या चकतीवरची वेणी शिकवा. १० सें.मी. व्यासाची गोल चकती कापा, कडेला सारख्या अंतरावर ८ खाचा, मधोमध भोक. ७ धाग्यांची एकत्र गाठ मारून ती भोकातून खाली सोडा आणि प्रत्येक धागा एकेका खाचेत अडकवा. एक खाच रिकामी राहील. ती आपल्याकडे धरा, तिच्यापासून उजवीकडे तिसऱ्या खाचेतला धागा उचलून रिकाम्या खाचेत आणा, मग चकती फिरवून नवी रिकामी खाच आपल्याकडे घ्या. इतकंच पुन्हा पुन्हा. खाली गोल, घट्ट वेणी उतरत जाते. मूल मध्येच उठून गेलं तरी रिकामी खाच बघून पुन्हा सुरू करता येतं, हा या चकतीचा मोठा फायदा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटे धागे आणि मणी देऊ नका.

१६. टोकं कशी बांधायची? ज्याला द्यायचा त्याच्या मनगटाचं माप माहीत नाही.

माप माहीत असेल तर मनगटाचा घेर अधिक १ ते दीड सें.मी. धरा. त्यात विणलेला भाग थोडा कमीच ठेवा, दोन्हीकडे ८ ते १० सें.मी.च्या वेण्या घाला. वर फास असेल तर एका बाजूला दोन वेण्या करा. एक फासातून ओवा आणि दुसरीशी बांधा.

माप माहीत नसेल तर सरकती गाठ करा. दोन्ही टोकांच्या वेण्या एकमेकींवर उलट दिशेने ठेवा. ३० ते ४० सें.मी.चा वेगळा धागा घेऊन त्या दोघींभोवती मॅक्रमेच्या (गाठींच्या विणकामातल्या) पाच-सहा चौकोनी गाठी, म्हणजे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मारलेल्या अर्ध्या गाठींच्या जोड्या, मारा आणि टोकं मागे ओवून टाका. वेण्यांच्या शेवटी निरगाठ हवीच, नाहीतर त्या गाठीतून निसटतील.

१७. रंग जातो का? धुवायचा कसा?

लाल, गडद निळा आणि काळा यांची परीक्षा विणण्याआधीच घ्या. धाग्याचं टोक ओलं करून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग उठला तर लडी न सोडता थंड पाण्यात पाणी स्वच्छ होईपर्यंत धुऊन सावलीत वाळवा. पांढऱ्या धाग्याशेजारी लाल घेणार असाल तर ही पायरी वगळूच नका. तयार बँड थंड पाण्यात सौम्य साबणाने चोळावा आणि सपाट वाळवावा. पहिल्या धुण्यात गाठी आवळतात आणि बँड किंचित आखडतो. प्रश्न १६ मधलं जास्तीचं माप त्यासाठीच आहे.

१८. मणी कुठे ओवावेत?

टोकांच्या वेण्यांत. दाट गाठींच्या मधोमध ओवलेला मणी दोन्ही बाजूंच्या गाठी फाकवतो. सहा पदरी धागा भोकातून जात नसेल तर टोकाला जरासा गोंद लावून वाळवा आणि तिरकं कापा.

१९. बँड आपोआप तुटेपर्यंत काढायचा नसतो, हे खरं आहे का?

इच्छा मनात धरून बांधायचा आणि झिजून गळून पडला की ती पूर्ण होते, असा समज बऱ्याच लोकांत आहे. पाळायचा असेल तर जरूर पाळा, पण ओला सुती बँड तासन्‌तास त्वचेला चिकटून राहिला तर खाज सुटते, पुरळ येतं. आंघोळीनंतर टॉवेलने दाबून कोरडा करा. हात सुजला असेल, यंत्रावर काम असेल किंवा खेळताना बँड कुठे अडकण्याची शक्यता असेल तर काढा. म्हणूनच कायम घालायच्या बँडला सरकती गाठ द्यावी. कात्री न लावता तो निघतो आणि पुन्हा घालता येतो.